छोटी अख्खी कोंबडी कोळशावर भाजताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साफ केल्यावर ६०० ते ९०० ग्रॅम भरणारी अख्खी कोंबडी कोळशाच्या शेगडीवर कशी भाजायची, याबद्दलचे हे प्रश्न आहेत. परदेशी पाककृतींत हिला ‘कॉर्निश गेम हेन’ म्हणतात. उत्तरं मात्र मराठवाड्यात मिळणारा माल, कोळसा आणि इथली हवा धरून दिली आहेत.

कॉर्निश गेम हेन म्हणजे एखादा रानपक्षी असतो का?

नाही. ती पोल्ट्रीतली कोवळी कोंबडीच असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या व्याख्येप्रमाणे वय ५ आठवड्यांपेक्षा कमी आणि साफ केलेलं वजन जास्तीत जास्त २ पौंड, म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास. नर आणि मादी दोन्ही चालतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातून हा प्रकार लोकप्रिय झाला. त्यामागे कॉर्निश आणि प्लायमाउथ रॉक या दोन जातींचा संकर होता.

यातली कॉर्निश जात इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात तयार झाली ती आपल्याकडून नेलेल्या असील कोंबड्यांपासून, म्हणून पूर्वी तिला ‘इंडियन गेम’च म्हणत. आजच्या ब्रॉयलरमध्येही कॉर्निशचं रक्त असतं. त्यामुळे पाकीटबंद परदेशी माल शोधत बसण्याची गरज नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला ब्रॉयलर हा तिचा सख्खा भाऊबंद आहे. फक्त तो लहान असताना घ्यायला हवा.

मग दुकानात नेमकं काय मागायचं?

‘तंदुरीचा माल’ किंवा ‘तंदूर साइज’ म्हणा. ढाब्यांना आणि हॉटेलांना लागतो म्हणून दुकानदाराला हा शब्द पक्का माहीत असतो. जिवंत वजन १ ते १.२ किलो हवं. ब्रॉयलर हे वजन साधारण ३ ते ४ आठवड्यांत गाठतो. कातडी ठेवून, आतलं सगळं काढून, मान आणि पाय तोडून त्यातून ७०० ते ८०० ग्रॅमची कोंबडी हाती येते.

नेहमीच्या पिंजऱ्यात मात्र २ किलोच्या पुढचाच माल जास्त असतो, कारण पोल्ट्रीवाला त्या वजनाला विकतो. म्हणून एक-दोन दिवस आधी सांगून ठेवा आणि सगळ्या कोंबड्या एकाच वजनाच्या मागा. ६०० आणि ९०० ग्रॅमची जोडी एकाच जाळीवर टाकली, तर एक तयार होते तेव्हा दुसरी कच्ची असते. दुकानदार सवयीने सुरी मारून तुकडे करून मोकळा होतो, तेव्हा ‘अख्खी ठेवा, काप मारू नका’ हे तोलायच्या आधीच सांगायचं.

कातडी ठेवावी की काढावी?

कोळशावर भाजायची असेल तर ठेवावी. कातडीखालची चरबी वितळून मांसाला ओलावा देते आणि आच थेट मांसाला लागू देत नाही. आपल्याकडे कातडी ओढून काढण्याचीच पद्धत रूढ आहे, कारण ते काम एका मिनिटात होतं. कातडीसकट हवी असेल तर गरम पाण्यात बुडवून पिसं काढावी लागतात. पिसं काढायचं मशीन असलेलं दुकान गाठा. खेड्यात गावरान कोंबडीला हळद लावून जाळावर शेकतात, तशी शेकून घेतली तर बारीक लव निघून जाते. तेही चांगलंच.

बिनकातडीचीच मिळाली तर वाया गेली असं समजू नका. तिला चक्का दही आणि तेलाचा जाड लेप द्या, आच एक पायरी कमी ठेवा आणि दर १० मिनिटांनी तेलाचा हात फिरवा. कुरकुरीतपणा येणार नाही, पण कोरडीही पडणार नाही.

गावरान तलंग चालेल का?

चालेल, पण ती वेगळ्या रीतीने भाजावी लागते. ३-४ महिन्यांची तलंग वजनाला तेवढीच भरली तरी ती भरपूर चालली-पळालेली असते, त्यामुळे मांडीचं मांस घट्ट असतं आणि चरबी कमी. तिला १ चहाचा चमचा कच्च्या पपईचा गर लावून २ तास ठेवा आणि १५०–१६० अंशांच्या मंद आचेवर, झाकण घालून, सव्वा तास द्या. पपई ब्रॉयलरला मात्र लावू नका. कोवळं मांस पिठूळ होतं. अंडी देऊन झालेली जुनी कोंबडी भाजायच्या भानगडीत पडू नये, तिचा रस्साच करावा.

कशी शेगडी लागते?

झाकण असलेली आणि खालून हवा कमी-जास्त करता येणारी शेगडी सर्वांत सोयीची. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल शेगडीवर २ ते ३ कोंबड्या नीट बसतात. विकत घ्यायची नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी ड्रम उभा चिरून अर्ध्याची शेगडी करून घ्या. कीटकनाशकाचा, रसायनाचा किंवा कसला होता ते माहीत नसलेला ड्रम वापरू नका, कितीही धुतला तरी. खाद्यतेलाचा घ्या, आणि पहिल्यांदा रिकाम्या ड्रमात तासभर मोठा जाळ करून आतला-बाहेरचा रंग जाळून टाका.

जाळीबद्दल एक गोष्ट ठाम सांगावीशी वाटते. खुराड्याला लावतात ती चकचकीत जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असते. कडक इंगळावर तो मुलामा जळतो आणि त्याचा धूर घातक असतो. साधं लोखंड किंवा स्टेनलेस स्टील, एवढेच दोन पर्याय धरा. जाळी आणि कोळसा यांच्यात १२ ते १५ सेंटिमीटर अंतर असू द्या.

झाकण नसेल तर मोठं पातेलं कोंबडीवर पालथं घाला. एका बाजूला छोटा दगड लावून दोन बोटं फट ठेवा, नाहीतर हवा न मिळाल्याने कोळसा विझत जातो.

कोळसा कोणता आणि किती?

लाकडी कोळसा. बाभळीचा सर्वांत चांगला: जड, टिकाऊ, कमी उडणारा. वेड्या बाभळीचाही चालतो. सुबाभळीचा हलका असतो, लवकर पेटतो आणि लवकर संपतो, तेव्हा थोडा जास्त घ्या. इस्त्रीवाले जिथून घेतात त्याच वखारीत हा मिळतो. दगडी कोळसा अन्नाखाली कधीही नको, त्यात गंधक असतं आणि त्याचा वास व विषारी वायू थेट मांसाला लागतात.

दोन कोंबड्यांना दीड किलो पुरतो. अंड्याएवढे तुकडे निवडा. पोत्याच्या तळाचा चुरा वर टाकला की हवेची वाट बंद होते आणि निम्मी शेगडी काळीच राहते.

पेटवायचा कसा? रॉकेल टाकलं तर?

रॉकेल, डिझेल, पेट्रोल काहीही नको. वास मांसात उतरतो, आणि पेट्रोलचा भडका हाततोंड भाजून काढतो.

५ लिटरचा पत्र्याचा तेलाचा डबा घ्या, वरचं-खालचं झाकण कापा, खालच्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर तारांची जाळी ओवा आणि त्याखाली चहूबाजूंनी भोकं पाडा. हाही आधी एकदा रिकामा जाळून घ्या. खाली तुराट्यांचे बोटभर तुकडे आणि नारळाची शेंडी, वर कोळसा. पेटवून दिलं की १५ ते २० मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरी राख धरते. तेव्हाच शेगडीत ओता. हातमोजा किंवा सांडशी जवळ असू द्या, डबा लालबुंद झालेला असतो.

तुराट्यांऐवजी पळाट्या वापरू नका. कपाशीवर फवारण्या जास्त होतात आणि त्या पळाट्यांचा धूर अन्नाला लागायला नको.

घाई करून काळ्या कोळशावर कोंबडी ठेवली की अर्धवट जळालेल्या कोळशाचा कडवट धूर कातडीत मुरतो. वरून लिंबू पिळून तो जात नाही.

अख्खी भाजावी की पाठीतून उघडून?

पहिल्यांदा करत असाल तर पाठीतून उघडून. अख्ख्या कोंबडीची छाती वर आणि जाड असते, मांड्या खाली दडलेल्या असतात. मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते. उघडून सपाट केली की जाडी सगळीकडे जवळपास सारखी होते आणि वेळ तिसऱ्या हिश्शाने वाचतो.

कोंबडी छाती खाली करून ठेवा. मजबूत कात्रीने कण्याच्या एका बाजूने शेपटीपासून मानेपर्यंत कापा, मग दुसऱ्या बाजूने, आणि कणा काढून रश्श्यासाठी ठेवा. आतलं उरलेलं फुप्फुस आणि रक्ताच्या गुठळ्या बोटाने खरवडून काढा, कडवटपणा तिथूनच येतो. आता उलटवून छातीच्या मधोमध तळहाताने जोरात दाबा; कट् असा आवाज आला की कोंबडी सपाट बसते. पंखांची टोकं मागे खोचा, ती आधी करपतात. दोन लोखंडी सळया मांडीतून विरुद्ध पंखाकडे अशा फुलीसारख्या ओवल्या तर उलटवताना पाय निखळत नाहीत.

अख्खीच ठेवायची असेल तर पाय सुती दोऱ्याने बांधा. पोटात खिमा किंवा भात भरू नका. सारण सुरक्षित तापायच्या आधी मांस सुकतं, आणि ते तापलं नाही तर पोट बिघडतं. अर्धं लिंबू, चार लसूणपाकळ्या, कोथिंबिरीच्या काड्या एवढं पुरे.

कोंबडी धुवावी का?

जंतू पाण्याने जात नाहीत, आचेने मरतात. धुताना उडालेले शिंतोडे मात्र ओट्यावर, भांड्यांवर, चिरलेल्या कांद्यावर बसतात. पिसं किंवा रक्त राहिलं असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने साफ करा, नळाखाली धरू नका. त्यानंतर स्वच्छ कापडाने आतून-बाहेरून पूर्ण कोरडी करा. ओल्या कातडीला रंग येत नाही.

मीठ किती आणि कधी?

वजनाच्या दीड टक्के. म्हणजे ७०० ग्रॅमच्या कोंबडीला १० ग्रॅम बारीक मीठ, साधारण पावणेदोन सपाट चहाचे चमचे. खडामीठ असेल तर चमच्यावर विसंबू नका, तोलून घ्या. छातीवर आणि मांडीवर कातडीच्या खाली बोट घालून मीठ चोळा, थोडं आतल्या बाजूला. मग फ्रिजमध्ये न झाकता किमान ४ तास, जमलं तर रात्रभर ठेवा. मीठ आत मुरतं, मांसात पाणी धरून ठेवतं, आणि उघडी राहिल्याने कातडी सुकते. हे एक काम नीट केलं तर मसाल्यात झालेली बरीच उणीव झाकली जाते.

वेळ नसेल तर १ लिटर गार पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात २ तास बुडवा. ३ तासांच्या पुढे खारट होते. बोअरचं मचूळ पाणी यासाठी नको, पिण्याचं घ्या. नंतर मसाल्यात मीठ घालायचं नाही, हे विसरलं जातं.

मसाला कोणता? आपला काळा मसाला चालतो का?

चालतो, बेतानं. काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं आणि कधी कांदाही असतो. ते आधीच गडद भाजलेले असल्याने जाळीवर पटकन जळून कडू होतात. येसरमध्ये भाजलेल्या धान्याचं-डाळीचं पीठ असतं. त्याचा लेप कोळशावर करपतो, म्हणून येसर रश्श्यासाठी राखून ठेवा.

दोन कोंबड्यांना, म्हणजे दीड किलोच्या आसपास, हे प्रमाण घ्या: चक्का दही १५० ग्रॅम, आलं-लसणाची बारीक वाटलेली गोळी ५० ग्रॅम, लाल तिखट १५ ग्रॅम, काळा मसाला १० ग्रॅम, अर्धा चमचा हळद, एका लिंबाचा रस, ४० मिलिलिटर शेंगदाण्याचं तेल. रंगासाठी निम्मं तिखट ब्याडगी मिरचीचं घ्या. खायचा रंग घालण्याचं कारण उरत नाही. दही फडक्यात तासभर टांगून पाणी काढलेलंच हवं. पातळ दही जाळीवरून ओघळतं, निखारे विझवतं आणि मसाला सोबत घेऊन जातं.

लिंबू-दह्याचा हा लेप ४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, वरचा थर भुसभुशीत होतो. क्रम असा: रात्री मीठ, दुसऱ्या दिवशी भाजण्याआधी २ ते ३ तास मसाला. ज्यांना कडक कातडी हवी त्यांनी दह्याचा लेप फक्त कातडीखाली आणि आतून द्यावा, वरून नुसतं तेल आणि तिखट.

घाण्याचं करडईचं तेल आपल्या भागाची ओळख आहे आणि चवीला सुरेख लागतं, पण न शुद्ध केलेलं करडई तेल लवकर धुरावतं. ते भाजून झाल्यावर वरून चमचाभर सोडा.

इंगळ कसे मांडायचे? आच किती आहे हे कसं ओळखायचं?

सगळे इंगळ शेगडीच्या एका अर्ध्यात. दुसऱ्या अर्ध्यात, जाळीखाली, जुनं ताट ठेवून त्यात कपभर पाणी घाला. चरबी त्यात पडते. कोंबडी बहुतेक वेळ या मोकळ्या बाजूला, झाकणाखाली शिजते आणि शेवटीच इंगळावर येते. संपूर्ण शेगडीभर इंगळ पसरून वर कोंबडी ठेवणं, हेच बहुतेक फसलेल्या कोंबड्यांचं मूळ आहे.

झाकणाखाली १९० ते २०० अंश हवेत. मापक नसेल तर जाळीच्या १२ सेंटिमीटर वर तळहात धरा. इंगळावर २ ते ३ सेकंदच सहन होत असेल तर आच कडक, ४ ते ५ सेकंद म्हणजे मध्यम, ७ सेकंदांवर म्हणजे मंद. भाजायला सुरुवात करताना इंगळावर ‘कडक’ आणि मोकळ्या बाजूला ‘मंद’ असा फरक जाणवला पाहिजे.

किती वेळ लागतो?

पाठीतून उघडलेली ७०० ग्रॅमची: ३० ते ४० मिनिटं. अख्खी: ४५ ते ६०. ही अंदाजाची वेळ आहे. वाऱ्याने, थंडीने, फ्रिजमधून किती गार काढली यावरून १० मिनिटांचा फरक सहज पडतो.

उघडलेली कोंबडी मोकळ्या बाजूला, हाडांची बाजू खाली आणि पाय इंगळाकडे करून ठेवा, कारण मांडीला जास्त आच लागते. झाकण घाला आणि २० मिनिटं उघडू नका. दर वेळी उघडलं की साठलेली उष्णता जाते. २० मिनिटांनी जागा फिरवा. मांडी ७० अंशांवर आली की कातडी खाली करून इंगळावर घ्या, ३ ते ४ मिनिटं, समोरून हलू नका. मग पाटावर काढून ५ ते ८ मिनिटं न झाकता राहू द्या. लगेच कापली तर रस पाटावर जातो.

अख्खी भाजताना निम्म्या वेळेला अर्धा वळसा फिरवा, आणि ४० मिनिटांच्या सुमारास डब्यात पेटवून ठेवलेले ३०० ग्रॅम इंगळ वाढवा. कच्चा कोळसा टाकायचा नाही.

शिजली हे नक्की कसं कळतं?

टोचायच्या डिजिटल थर्मामीटरने. छातीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सिअस ही सुरक्षिततेची खूण. मांडीत ७८ ते ८० आले तर मांस हाडापासून सुटतं. टोक हाडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो. थर्मामीटर बरोबर आहे का ते बर्फाच्या पाण्यात पाहा: ० यायला हवा. उकळत्या पाण्यात पाहिलं तर १०० येणार नाही म्हणून तो टाकून देऊ नका. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे छत्रपती संभाजीनगरात आणि लातुरात पाणी साधारण ९८ अंशांवर उकळतं, नांदेडात ९९ च्या आसपास.

थर्मामीटर नसेल तर पाय धरून हलवा. सांधा सैल फिरला पाहिजे. मांडी आणि अंगाच्या मधल्या बेचक्यात सुरी टोचून रस बघा. एकट्या रसाच्या रंगावर निर्णय नको, सांधा, रस आणि मांसाचा घट्टपणा तिन्ही जुळले पाहिजेत. शंका असेल तर मोकळ्या बाजूला आणखी ५ मिनिटं.

हाडाजवळ लाल-काळं दिसतं. कच्ची राहिली का?

बहुधा नाही. कोवळ्या पक्ष्याची हाडं सच्छिद्र असतात. आतली मज्जा झिरपून हाडालगतचं मांस लाल, तांबूस किंवा काळपट दिसतं. आधी गोठवलेल्या कोंबडीत हे जास्त होतं. कोळशाच्या धुरामुळे कातडीखाली गुलाबी कडाही येते. आतलं तापमान ७४ च्या पुढे गेलं असेल तर निर्धास्त खा. मांस चकचकीत, जेलीसारखं आणि हाडाला चिकटून बसलेलं असेल तर ते मात्र कच्चंच.

बाहेरून करपली, आतून कच्ची. आता काय?

तेवढ्यापुरता उपाय: इंगळापासून दूर मोकळ्या बाजूला सरकवा, करपलेल्या भागावर केळीच्या पानाचा तुकडा किंवा फॉइल ठेवा, झाकण घाला, १५ मिनिटं द्या. पुढच्या वेळी कारण शोधा. फ्रिजमधून काढून थेट इंगळावर टाकली होती का? मसाल्यात गूळ, मध, साखर होती का? की वजन १ किलोच्या वर होतं? मोठी कोंबडी घेऊन छोटीची पद्धत वापरणं हे यातलं सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे.

कातडी चिवट, रबरासारखी होते.

ओली कातडी, मंद आच किंवा झाकणात कोंडलेली वाफ. कोरडी करा, फ्रिजमध्ये उघडी ठेवा, शेवटची ३-४ मिनिटं थेट इंगळावर घ्या. भाजून झाल्यावर डब्यात बंद करून ठेवली तर कुरकुरीत झालेली कातडीही १० मिनिटांत मऊ पडते.

चरबी पडून ज्वाळा उठतात.

कोंबडी बाजूला सरकवा आणि झाकण घाला; हवा तुटली की ज्वाळ बसते. पाणी शिंपडू नका, राख उडून मांसावर बसते आणि वाफेने हात भाजतो. पोटाच्या तोंडाशी आणि मानेजवळ चरबीचे पिवळे गोळे असतात, ते सुरुवातीलाच काढले तर हा त्रास निम्मा होतो.

धुराची चव हवी असेल तर कोणतं लाकूड?

आंब्याची किंवा बोरीची वाळलेली काडी, अंगठ्याएवढी जाड, दोन-तीन तुकडे. पहिल्या १५ मिनिटांतच टाका, तेव्हा मांस धूर जास्त घेतं. कडुनिंब नको, रंग दिलेली फळी किंवा प्लायवूड तर अजिबात नको. धूर पातळ, निळसर असावा. दाट पांढरा धूर म्हणजे हवा कमी पडतेय.

हुरड्याच्या आगटीतच कोंबडी भाजली तर?

हुरड्याची कणसं गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, त्यांचा दाणा पाल्यात झाकलेला असतो. उघड्या कोंबडीला गोवरीचा धूर आणि राख थेट लागते. आगटीची ऊब कामी आणायचीच असेल तर तिच्या शेजारी वेगळा कोळसा पेटवा. एकाच विस्तवावर दोन्ही करू नयेत, हुरडा मांसाहार न करणारेही खातात.

गूळ-चिंचेचा लेप कधी लावायचा?

शेवटच्या ५ ते ८ मिनिटांत. गूळ आधी लावला की जळतोच. ४० ग्रॅम चिंच १०० मिलिलिटर गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून गाळा, ४० ग्रॅम गूळ, अर्धा चमचा तिखट, चिमूट मीठ घालून चमच्याला धरेपर्यंत आटवा. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हाती लागली तर याच लेपासाठी ठेवा. कच्च्या कोंबडीला लावलेला मसाला उरला असेल तर तो उकळल्याशिवाय पुन्हा वरून लावू नका.

उन्हाळ्यात आणि लाईट गेल्यावर काय काळजी?

एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या पुढे असतो. ३२ अंशांच्या वर हवा असताना कच्ची किंवा शिजलेली कोंबडी तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. मळ्यात जायचं असेल तर बर्फाच्या पेटीत, बर्फ खाली आणि वर दोन्हीकडे, आणि मसाला लावलेली कोंबडी घट्ट डब्यात. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद दाराचा फ्रिज साधारण ४ तास गार राहतो.

त्याहून मोठी गोष्ट आगीची आहे. कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून, वाळलेल्या उसाच्या पाचटापासून शेगडी दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा. दुपारच्या सुसाट वाऱ्यात एक ठिणगी वर्षाचा चारा घेऊन जाते. संध्याकाळी वारा पडल्यावरच पेटवा. पाण्याची बादली आणि मातीचं घमेलं हाताशी असू द्या.

आखाडात पाऊस असतो. शेडमध्ये किंवा पोर्चमध्ये पेटवली तर?

तीन बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये चालेल. बंद खोलीत, शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये किंवा गाडीजवळ कधीच नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. दमट कोळसा तडतडतो आणि उशिरा पेटतो. आधी दोन दिवस उन्हात किंवा चुलीशेजारी वाळवा.

किती माणसांना किती? सोबत काय?

नुसती खायची तर माणशी एक. भाकरी, भात असेल तर दोघांत एक पुरते. १० माणसांना ५ ते ६ कोंबड्या आणि दोन शेगड्या. एका शेगडीवर खच्चून भरू नका, कोंबड्या एकमेकींना चिकटल्या की मधली बाजू वाफवली जाते. सोबत ज्वारीची गरम भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा आणि लिंबू. गोड चटण्यांची गरज पडत नाही.

उरलेल्या कोंबडीचं काय करायचं?

२ तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये. ३ दिवसांत संपवा. हाडं आणि सुरुवातीला काढलेला कणा ठेचून, दीड लिटर पाण्यात पाऊण तास उकळा, गाळा, आणि दोन चमचे येसर पाण्यात कालवून त्यात सोडा. भाजलेल्या हाडांना धुराची चव असते म्हणून मसाला नेहमीपेक्षा कमी लागतो.

राख आणि उरलेले इंगळ कुठे टाकायचे?

झाकण आणि हवेची भोकं बंद करा, इंगळ गुदमरून विझतात आणि तो कोळसा पुढच्या वेळी नव्यात मिसळून वापरता येतो. वरून गार वाटणाऱ्या राखेत २४ तासांनीही जिवंत निखारा असू शकतो. म्हणून ती उकिरड्यावर, प्लास्टिकच्या टोपलीत किंवा घंटागाडीत लगेच टाकू नका. पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ढवळा, एक दिवस ठेवा, मग टाका.